जर्मनीत शिकायला जाताना कामांचा क्रम: प्रवेशपत्रापासून पहिल्या परीक्षेच्या नोंदणीपर्यंत

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या पट्ट्यातून पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना बहुतेक माहिती आधीच असते, तरीही पहिल्या दोन महिन्यांत त्यांचे हाल होतात, कारण कामे चुकीच्या क्रमाने केली जातात. तिथे एक कागद दुसऱ्या कागदावर अवलंबून असतो. खोली नसेल तर पत्त्याची नोंदणी होत नाही, नोंदणी नसेल तर बहुतेक बँका खाते उघडत नाहीत, खाते नसेल तर स्वतःचेच अडकवून ठेवलेले पैसे हाती येत नाहीत, आणि हे सगळे जमल्याशिवाय निवास परवान्याचा अर्ज पूर्ण होत नाही. त्यामुळे कोल्हापुरात बसून करता येण्यासारखे एखादे काम मागे राहिले, तर त्याची किंमत तिथे आठवड्यांच्या हिशेबाने मोजावी लागते.

पुढील मार्गदर्शन ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी ज्याच्या हाती प्रवेशपत्र आले आहे, अशा विद्यार्थ्यासाठी आहे. विद्यापीठाची निवड आणि भाषेच्या परीक्षा हे विषय येथे घेतलेले नाहीत. शुल्के आणि रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक आकडा संबंधित कार्यालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर ताडून पाहावा.

## १. सर्व कागदांवरचे नाव आधी जुळवावे

आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आईचे नाव अशा क्रमाने छपाई होते. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात: एक आडनावाचा आणि दुसरा उरलेल्या नावाचा. जर्मनीतील विद्यापीठ, विमा संस्था, बँक आणि नगर कार्यालय हे सर्व पासपोर्टवरील नाव अक्षर न अक्षर उतरवून घेतात. शब्दांचा क्रम वेगळा असल्याने सहसा अडत नाही. अडते ते स्पेलिंग वेगळे असल्याने. वडिलांचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘बाळासो’, पासपोर्टवर ‘बाळासाहेब’ आणि बँकेच्या पासबुकावर आणखी तिसरेच, हा प्रकार आपल्या भागात घरोघरी आढळतो. आप्पासो, तात्यासो, रावसो या नावांचेही तेच होते. आपल्याला ही एकाच माणसाची नावे आहेत हे सांगावे लागत नाही. परक्या देशातील कारकुनाला ती दोन माणसे वाटतात.

म्हणून दहावीची गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, पासपोर्ट, पॅन आणि पालकांचे बँक खाते एका टेबलावर मांडून इंग्रजी स्पेलिंग अक्षरशः जुळवून पाहावे. फरक किरकोळ असेल, तर ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवावे. पासपोर्टवरच चूक असेल, तर दुरुस्तीसह नवा पासपोर्ट घेणे हाच खरा उपाय. कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो आणि पोलिस पडताळणीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, म्हणून हे काम जूनच्या आत संपवावे. काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवून सगळे नाव एकाच रकान्यात घातलेले असते. ते तसेच घेऊन जाऊ नये. विमानाच्या तिकिटापासून निवास परवान्याच्या कार्डापर्यंत प्रत्येक ठिकाणी ते छळते.

भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासून ती खरी असल्याचा दिलेला दाखला, बंधनकारक आहे आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. ते आधीच मिळाले असल्यास त्यावरचे नाव आणि जन्मतारीखही याच वेळी ताडून पाहावी.

तपासा: पासपोर्ट, एपीएस प्रमाणपत्र आणि प्रवेशपत्र या तिन्हींवरील नाव जुळत नसेल, तर पुढील टप्प्यांवर एक रुपयाही खर्च करू नये.

## २. खोलीचा अर्ज व्हिसाची वाट न पाहता करावा

सर्वाधिक विद्यार्थी येथे चुकतात. ‘व्हिसा आला की खोली बघू’ असे घरात ठरते, आणि व्हिसा ऑगस्टच्या अखेरीस येतो तेव्हा स्वस्त वसतिगृहांच्या याद्या केव्हाच भरलेल्या असतात. जर्मनीत वसतिगृहे सहसा विद्यापीठ चालवत नाही. प्रत्येक विभागाची ‘श्टुडिरेंडनवेर्क’ ही स्वतंत्र संस्था ती चालवते. विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात जागा मिळाली असे समजू नये. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो आणि प्रतीक्षायादीत नाव लावावे लागते. पुष्कळ ठिकाणी हा अर्ज प्रवेश पक्का होण्याआधीही स्वीकारतात. प्रवेशपत्र येईल त्याच दिवशी हा अर्ज करावा, आणि यादीत नाव टिकवण्यासाठी ठरावीक काळाने ‘अजून इच्छुक आहे’ असे कळवण्याची अट आहे का, हेही वाचावे. तशी अट असेल आणि एखादा ईमेल दुर्लक्षित झाला, तर नाव यादीतून निघते.

खासगी खोली शोधताना भाड्याचे दोन आकडे दिसतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे भाडे आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे उष्णता, पाणी इत्यादी धरून होणारी रक्कम. हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्यावर करावा. अनामत रक्कम कायद्याने काल्टमीटेच्या तिप्पटीहून अधिक घेता येत नाही.

करार करण्यापूर्वी घरमालकाला एकच प्रश्न लेखी विचारावा: या पत्त्यावर माझी नोंदणी करता येईल का आणि त्यासाठी लागणारे घरमालकाचे पत्र तुम्ही द्याल का? या पत्राला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ म्हणतात. शब्द लांबलचक असला तरी कागद एका पानाचा असतो, आणि नुसता भाडेकरार त्याची जागा घेत नाही. महिना-दोन महिन्यांसाठी मिळणाऱ्या अनेक खोल्यांत आणि बहुतेक पर्यटक वसतिगृहांत हे पत्र मिळत नाही. अशा ठिकाणी राहणे निषिद्ध नाही, पण तेवढे दिवस पुढची सगळी कामे थांबणार, हे धरून चालावे.

इशारा: ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असे सांगणारा घरमालक फसवणारा असतो. व्हिडिओ कॉलवर खोली पाहिल्याशिवाय आणि त्याच शहरातील एखाद्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष पाठवून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. पैसे घेऊन नुसता नोंदणीपुरता पत्ता देणारेही भेटतात. ते बेकायदेशीर आहे आणि असा खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. विद्यार्थ्याच्या निवास परवान्यावर त्याचा काय परिणाम होईल, ते वेगळे सांगायला नको.

## ३. पैसे कुठून कुठे जाणार, याचा मार्ग आधी आखावा

विद्यार्थी व्हिसासाठी एका वर्षाचा खर्च ‘श्पेरकोंटो’ म्हणजे अडकवलेल्या खात्यात भरावा लागतो. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे दरमहा ९९२ युरो आहे. एका युरोचा भाव १०० रुपये धरला तरी जवळजवळ १२ लाख रुपये होतात.

आपल्याकडे अनेक कुटुंबांची बचत नागरी सहकारी बँकेत, पतसंस्थेत किंवा जिल्हा बँकेत असते आणि उसाचे बिलही तिथेच जमा होते. या संस्थांपैकी बहुतेकांना परकीय चलन थेट बाहेर पाठवण्याचा परवाना नसतो. त्यामुळे ठेव मोडून रक्कम आधी परवानाधारक राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँकेत, पालकांच्या त्याच नावाच्या खात्यात आणावी लागते. नवे खाते उघडून लगेच मोठी रक्कम बाहेर पाठवायची म्हटले की बँक चौकशी करते, शिवाय ठेवीची मुदत, व्याजाचे नुकसान आणि धनादेश वटण्याचे दिवस यांतही वेळ जातो. हे काम मे महिन्यातच सुरू करावे.

कर्ज घ्यायचे असेल तर तारणाचा विचार त्याहून आधी करावा. ‘आमची चार एकर बागायत आहे’ हे बँकेच्या दृष्टीने फारसे उपयोगाचे नसते, कारण थकीत कर्जाच्या थेट वसुलीच्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून शैक्षणिक कर्जासाठी बँका सातबारावरील जमीन सहसा तारण घेत नाहीत. प्रॉपर्टी कार्ड असलेले घर, बिगरशेती भूखंड किंवा मुदत ठेव चालते. गावठाणातील घराचा नुसता उतारा असेल, तर तो चालेल का हे शाखेत विचारून मगच पुढे जावे. कर्जाचा मुख्य ऋणको विद्यार्थी असतो, त्यामुळे पुढील हप्ते उचलण्यासाठी त्याच्या सह्या लागतात. निघण्यापूर्वी आई किंवा वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र करून ते बँकेत दाखल करावे. हेच काम परदेशातून करायचे झाले तर भारतीय दूतावासात खेटे घालावे लागतात.

अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी आणि मुदती वेगळ्या असल्याने पात्र विद्यार्थ्याने ती चौकशी कर्जाच्या अर्जापूर्वी करावी.

रक्कम पाठवताना उद्देशाचा संकेतांक शिक्षणाचा, म्हणजे एस ०३०५, लावला आहे ना हे अर्जावर पाहावे. शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून एका आर्थिक वर्षात प्रत्येक पाठवणाऱ्याच्या पॅनवर १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो आयकर, लागत नाही. त्यापुढील रकमेवर तो कापला जातो आणि विवरणपत्र भरताना त्याचे समायोजन किंवा परतावा मिळतो. वडिलांनी आणि आईने आपापल्या खात्यातून व आपापल्या पॅनवर रक्कम विभागून पाठवली, तर १२ लाखांच्या रकमेवर हा प्रश्न येत नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर टीसीएस नाही.

मधल्या बँका वाटेत आपले शुल्क कापून घेतात. नेमके ११,९०४ युरो पाठवले आणि ११,८८० पोहोचले, तर खाते पूर्ण भरल्याचे पत्र मिळत नाही आणि व्हिसाचा अर्ज खोळंबतो. ‘सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडावा आणि थोडी अधिक रक्कम पाठवावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. श्पेरकोंटोतील पैसे जर्मनीत उतरल्या दिवशी मिळत नाहीत. ते तिथल्या चालू खात्यात दरमहा हप्त्याने येतात, आणि ते खाते सुरू होऊन कागदपत्रांची तपासणी होईपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. नेमक्या याच काळात पहिले भाडे, अनामत, विद्यापीठाची सत्रवर्गणी आणि विम्याचा हप्ता भरायचा असतो. माझ्या मते अडीच ते तीन हजार युरो श्पेरकोंटोच्या बाहेर हाताशी हवेत. त्यांतील बहुतेक फॉरेक्स कार्डावर आणि चारपाचशे युरो रोख असावेत. ज्या घरात ११,९०४ युरो जमवतानाच ओढाताण होते, तिथे ही जादा रक्कम ठरवून बाजूला ठेवली नाही, तर मुलाला पहिल्याच महिन्यात सहविद्यार्थ्यांकडे उसने मागावे लागतात.

## ४. आरोग्य विमा: स्वस्ताच्या मागे लागू नये

तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला जर्मनीतील सार्वजनिक विमा विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या दराने, दरमहा साधारण दीडशे युरोंच्या आसपास मिळतो. त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या हप्त्यात खासगी विमा देणाऱ्या जाहिराती आपल्याकडे फिरतात, आणि काही सल्लागार श्पेरकोंटोसोबत तोच गळ्यात मारतात. हा विमा घेऊन एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, की त्या अभ्यासक्रमाच्या काळात विद्यार्थी म्हणून परत येता येत नाही. आधीपासून असलेले आजार, दात आणि मानसिक उपचार यांबाबत स्वस्त योजनांच्या अटी फार तुटपुंज्या असतात. वय तिशीच्या आत असेल तर सार्वजनिक विमाच घ्यावा. तीस पूर्ण झालेल्यांना हा सवलतीचा दर मिळत नाही, म्हणून त्यांनी खर्चाच्या अंदाजातच ही रक्कम वाढवून धरावी.

सार्वजनिक विमा सत्रारंभापासून किंवा नावनोंदणीपासून लागू होतो. सप्टेंबरच्या मध्यावर पोहोचणाऱ्याला मधल्या दिवसांसाठी वेगळा प्रवासी आरोग्य विमा लागतो आणि व्हिसाच्या वेळीही तो मागितला जातो. नावनोंदणीसाठी विमा संस्था विद्यापीठाला विम्याच्या स्थितीची ‘एम १०’ ही सूचना संगणकावरून थेट पाठवते. विद्यार्थ्याने फक्त ती पाठवण्याची विनंती वेळेवर करायची असते.

## ५. व्हिसाचा अर्ज एकदाच, पण पूर्ण करावा

महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. शुल्क ७५ युरो असून ते रुपयांत भरायचे असते. पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र, श्पेरकोंटोचे पत्र, विम्याचे कागद, भाषेचे प्रमाणपत्र, गुणपत्रिका, स्वतःची माहिती आणि अभ्यासक्रम का निवडला याचे निवेदन, हा त्यातला गाभा. अधिकृत यादी छापून घ्यावी आणि कागद त्याच क्रमाने लावावेत.

निवेदन दुसऱ्याकडून लिहून घेणे किंवा आधी गेलेल्या मित्राचे बदलून देणे, ही चूक फार महागात पडते. पदवीला कोणते विषय शिकलो, त्यांपैकी कोणता पुढे न्यायचा आहे आणि या अभ्यासक्रमातील कोणते विषय त्यासाठी हवे आहेत, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. पूर्वी व्हिसा नाकारला गेल्यास त्याच कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज करता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता एकतर नवा अर्ज करावा लागतो किंवा जर्मनीतील न्यायालयात जावे लागते. म्हणून घाईने अर्धवट अर्ज देण्यापेक्षा आठवडा उशिरा पण पूर्ण अर्ज देणे बरे.

तपासा: व्हिसा हाती आल्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि मुदत लगेच पाहावी. बहुतेकदा तो काही महिन्यांचाच असतो. त्याची शेवटची तारीख घरातील कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. अकराव्या टप्प्यात ती लागणार आहे.

## ६. कोल्हापुरात मागे ठेवायची व्यवस्था

शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून पदवी घेतलेल्यांकडे जुलै-ऑगस्टमध्ये पुष्कळदा तात्पुरते पदवी प्रमाणपत्रच असते आणि मूळ पदवी दीक्षान्त समारंभानंतर मिळते. काही जर्मन विद्यापीठे पहिल्या सत्राच्या आत मूळ पदवी सादर करण्याच्या अटीवर प्रवेश देतात. अशी अट असल्यास पदवीचा अर्ज निघण्यापूर्वीच भरावा, आणि ती स्वीकारण्यासाठी घरातील एका व्यक्तीला लेखी प्राधिकारपत्र व ओळखपत्राची प्रत देऊन ठेवावी. ट्रान्स्क्रिप्टच्या सीलबंद जादा प्रती आत्ताच काढून घ्याव्यात.

भारतातील मोबाईल क्रमांक बंद पडू देऊ नये. बँकेचे ओटीपी, एपीएसचे संदेश आणि व्हिसाचे खाते त्याच क्रमांकाशी जोडलेले असते. आंतरराष्ट्रीय रोमिंग कोल्हापुरातच सुरू करून घ्यावे आणि रिचार्जची जबाबदारी घरी कोणावर तरी सोपवावी.

## ७. सामान आणि प्रवास

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे आईने दिलेले साजूक तूप, पेढे, खव्याचे पदार्थ आणि सुके मटण घरीच ठेवावे. विमानतळावर ते काढून घेतले जातात आणि दंडही होऊ शकतो. कांदा-लसूण मसाला, चटण्या, गूळ, भाजणी, ज्वारीचे पीठ यांना अडचण नाही, मात्र ती कारखान्यात सीलबंद झालेली आणि नाव छापलेली असावीत. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि तीन महिन्यांहून अधिक नसतील इतकीच घ्यावीत. दातांचे काम आणि चष्म्याची दुसरी जोडी निघण्यापूर्वी उरकावी. मूळ कागदपत्रे हातातल्या बॅगेतच ठेवावीत.

विमान मुंबईहून असेल तर किमान एक दिवस आधी कोल्हापूर सोडावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता, हे पावसाळ्यात निघणाऱ्याने लक्षात ठेवावे. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोहोचवते, पण त्याच दिवसाचे विमान तिच्या भरवशावर धरू नये.

जर्मनीत पोहोचण्याचा वार महत्त्वाचा आहे. वसतिगृहाची किल्ली तिथला व्यवस्थापक कामाच्या दिवशी ठरावीक तासांतच देतो. शुक्रवारी संध्याकाळी उतरणारा विद्यार्थी सोमवार सकाळपर्यंत रस्त्यावर असतो, आणि रविवारी दुकानेही बंद असतात. मंगळवार किंवा बुधवार सकाळी पोहोचेल असे तिकीट काढावे. ३ ऑक्टोबर ही राष्ट्रीय सुट्टी आहे.

## ८. पहिले तीन दिवस: किल्ली, पत्रपेटीवरचे नाव, पत्त्याची नोंदणी

खोली ताब्यात घेताना भिंती, गादी, खिडक्या, शेगडी यांचे फोटो तारखेसह काढावेत आणि ताबा घेतल्याच्या कागदावर प्रत्येक दोष लिहून घ्यावा. न लिहिलेला दोष खोली सोडताना अनामतीतून वजा होतो.

त्यानंतर, सामान सोडण्याच्याही आधी, पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीजवळ स्वतःचे आडनाव पासपोर्टवरील स्पेलिंगने लावावे. जर्मनीत टपाल खोली क्रमांकावर पोहोचवत नाहीत. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते. बँकेचे कार्ड, त्याचा पिन, विम्याचे कार्ड आणि कर क्रमांक हे सगळे टपालानेच येते. चार आठवडे ‘काहीच आले नाही’ म्हणून थांबणाऱ्या विद्यार्थ्याच्या पेटीवर बहुधा आधीच्या भाडेकरूचे नाव असते.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करणे कायद्याने आवश्यक आहे. या नोंदणीला ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात. मोठ्या शहरांत तिची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून पत्ता निश्चित होताच कोल्हापुरातूनच ऑनलाइन वेळ घ्यावी. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाचे पत्र सोबत न्यावे. अर्जात धर्माचा रकाना असतो. हिंदू, मुस्लिम, जैन, बौद्ध, लिंगायत विद्यार्थ्यांनी तो रिकामा सोडला तरी चालतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट अशी नोंद केली, तर पुढे करपात्र पगार मिळू लागल्यावर त्यातून चर्चचा कर कापला जातो.

तपासा: कार्यालयातून निघताना नोंदणीचे प्रमाणपत्र हातात असावे, आणि त्यावरील नाव व पत्ता तिथेच वाचून पाहावा.

या नोंदणीनंतर काही आठवड्यांत सार्वजनिक प्रसारण शुल्काचे पत्र येते. दूरदर्शन संच नसला तरी प्रत्येक घरामागे दरमहा १८.३६ युरो भरावे लागतात. ते जाहिरातीचे पत्र समजून फेकले, तर थकबाकी साचत जाते. एका घरात चौघे राहत असतील तर एकानेच भरायचे असते. बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवावा.

## ९. चालू खाते आणि अडकवलेले पैसे

नोंदणीचे प्रमाणपत्र आणि पासपोर्ट घेऊन चालू खाते उघडावे. श्पेरकोंटो देणाऱ्या काही संस्था स्वतःच चालू खातेही देतात; तसे असेल तर हा टप्पा सोपा होतो. खात्याचा २२ अक्षरांचा आयबॅन क्रमांक मिळताच तो श्पेरकोंटोच्या खात्यात भरून मागितलेले कागद अपलोड करावेत आणि पहिला हप्ता जमा होईपर्यंत रोज पाठपुरावा करावा. भाडे, विमा आणि सत्रवर्गणी त्यानंतरच या खात्यातून सुरू करावी. खात्यात पैसे नसताना भाड्याची वसुली परत गेली, तर बँक आणि घरमालक दोघेही त्याचे शुल्क लावतात.

## १०. विद्यापीठातील नावनोंदणी

प्रवेशपत्र म्हणजे नावनोंदणी नव्हे. पत्रात दिलेल्या मुदतीत सत्रवर्गणी भरून, विम्याची सूचना पोहोचवून आणि मूळ कागद दाखवून नावनोंदणी पूर्ण करावी लागते. वर्गणी भरताना विद्यार्थी क्रमांक किंवा संदर्भ क्रमांक चुकला, तर पैसे पोहोचूनही नाव लागत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला १,५०० युरो शिक्षणशुल्कही आहे, हे ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ असे ऐकून गेलेल्यांना तिथे गेल्यावर कळते.

## ११. निवास परवाना: व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी

परदेशी नागरिकांच्या कार्यालयात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रचंड गर्दी असते आणि भेटीची वेळ दोन-तीन महिने पुढची मिळू शकते. नावनोंदणी झाली की त्याच आठवड्यात अर्ज करावा. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोहोचला, तर निर्णय होईपर्यंत विद्यार्थ्याचा मुक्काम कायदेशीर राहतो. मुदत संपल्यावर अर्ज केला तर ते संरक्षण मिळत नाही. अर्ज पोहोचल्याची लेखी पोच अवश्य जपावी. परवान्याचे शुल्क सुमारे १०० युरो असते.

इशारा: निर्णय होईपर्यंत ‘फिक्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचे तात्पुरते पत्र मिळते. ते सर्वच प्रकारांत जर्मनीत परत प्रवेश देत नाही. लग्नकार्यासाठी किंवा सुट्टीत गावी येण्याचे तिकीट काढण्यापूर्वी, हे पत्र घेऊन परत येता येईल का हे त्याच कार्यालयात लेखी विचारावे.

कामाबाबत एवढेच: विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, पण स्वतंत्र व्यवसाय परवानगीशिवाय करता येत नाही. जेवण पोहोचवण्याच्या काही कामांत विद्यार्थ्याला ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणून सही करायला लावतात. करारावर ‘नोकरी’ असा स्पष्ट उल्लेख नसेल तर सही करू नये. पहिल्या सत्राच्या खर्चात या कमाईचा एक युरोही धरू नये.

## १२. परीक्षेची नोंदणी स्वतः करावी

आपल्याकडे परीक्षेचा अर्ज महाविद्यालय भरून घेते, राहून गेले तर कार्यालयातून निरोप येतो, आणि विषय राहिला तर एटीकेटी असते. जर्मनीत विषयाचे वर्ग बसून ऐकले तरी परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. तिची खिडकी अनेक विद्यापीठांत सत्राच्या मध्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उघडते आणि दोन-तीन आठवड्यांत बंद होते. ती चुकली तर कोणी आठवण करत नाही आणि परीक्षेला बसता येत नाही.

त्याहून गंभीर बाब प्रयत्नांची आहे. बहुतेक अभ्यासक्रमांत एका परीक्षेला तीनच प्रयत्न मिळतात. तिसऱ्यातही नापास झाल्यास तो अभ्यासक्रम सोडावा लागतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतील दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. त्यामुळे ‘बसून तर बघू’ म्हणून परीक्षा देऊ नये. तयारी नसेल तर रद्द करण्याच्या तारखेपूर्वी नोंदणी काढून घ्यावी. न काढता गैरहजर राहिल्यास तो नापासाचा प्रयत्न धरला जातो. आजारी पडल्यास परीक्षेच्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन प्रमाणपत्र घ्यावे आणि ते परीक्षा कार्यालयाने ठरवलेल्या मुदतीत पोहोचवावे.

एका सत्राला साधारण ३० क्रेडिट धरलेले असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास अपेक्षित असतो. व्याख्यानांना हजेरी बहुधा घेत नाहीत आणि अंतर्गत चाचण्याही क्वचित असतात, त्यामुळे ऑक्टोबर ते जानेवारी रिकामे वाटतात. प्रत्येक विषयाचे अभ्यासपत्रक पहिल्या आठवड्यात उतरवून घ्यावे आणि जुन्या प्रश्नपत्रिका विद्यार्थी संघटनेकडून मिळवाव्यात. वेळापत्रकात दहा वाजल्यापुढे ‘सी. टी.’ असे असेल तर व्याख्यान सव्वादहाला सुरू होते, ‘एस. टी.’ असेल तर बरोबर दहाला.

जानेवारी-फेब्रुवारीत, परीक्षांच्या धामधुमीतच, पुढील सत्राची वर्गणी भरण्याची मुदत येते. ती न भरल्यास विद्यापीठ नाव काढून टाकते आणि निवास परवान्याचा आधारच जातो. ही तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधीच दिलेली असते; पहिल्या नावनोंदणीच्या दिवशीच ती शोधून भ्रमणध्वनीत दोन आठवडे आधीची सूचना लावून ठेवावी.